पोटातला कॉम्प्युटर आणि वन्संची सीडी

आमच्या घरात काही अडलं की तिघं तीन वाटांनी जातात. मी देवाचं नाव घेते, आमचे हे कपाळाला हात लावतात आणि वन्सं सुई काढतात.

वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, माझ्या नणंद. त्यांच्या कपड्याच्या गळ्याशी एक सुई कायम टोचलेली असते, तीत हातभर पांढरा दोरा. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला, सुई. मिठाच्या डबीची भोकं बुजली, सुई. माझ्या बोटात कुसळ गेलं, सुई. आणि वर "एवढंसं कुसळ नि केवढा तो गळा काढलाय" हे वेगळंच. सासूबाई होत्या तेव्हा सांगायच्या, "ही जन्मली ती मुठीत सुई घेऊनच." त्यावर वन्सं म्हणायच्या, "हो, आणि तेव्हापासून तुम्हा सगळ्यांचं उसवलेलं शिवत बसलेय."

लग्न त्यांनी केलं नाही. का, ते विचारायची आधी माझी छाती झाली नाही आणि पुढे गरज वाटली नाही. समोरच्या घरातल्या बाईंनी मात्र एकदा विचारलंच. वन्सं म्हणाल्या, "बघायला आलेल्यांपैकी एकाचीही कॉलर सरळ नव्हती." त्या बाई तेव्हापासून नवऱ्याची कॉलर ओढूनताणून नीट केल्याशिवाय त्याला आमच्या दारावरून जाऊ देत नाहीत.

तरुणपणीच त्या भरतकामाच्या एका मोठ्या दुकानात लागल्या. शाळांचे, हॉटेलांचे, बॅन्डवाल्यांचे कापडी बिल्ले तिथे व्हायचे. आधी सगळं हाताने. मग मशीन आलं, मशीनला हुकूम द्यायला कॉम्प्युटर आला. बाकीच्या बायका भिऊन भिंतीला टेकल्या, वन्सं खुर्ची ओढून बसल्या. चित्र कॉम्प्युटरवर टाक्याटाक्यानं मांडायचं, कुठे कोणता दोरा, कुठल्या अंगाने टाका, कुठे उडी. मग मशीन ते मुकाट्याने कापडावर भरतं. "नवऱ्यापेक्षा बरं," वन्सं म्हणायच्या, "सांगितलं तेवढंच करतं."

पुढे त्यांना कळलं की आपण मांडलेली चित्रं मालक दुसऱ्या दुकानांना स्वतःची म्हणून देतात. त्या विचारायला गेल्या, तर मालक हसून म्हणाले, "अहो बाई, नक्कल केली म्हणून मूळ थोडंच झिजतं?"

वन्संनी हातातली कात्री टेबलावर ठेवली आणि पर्स उचलली. भांडण नाही, काही नाही. जाता जाता एवढंच केलं: मालक नवी मशीनं आणणार होते आणि जुनं धूड भंगारात जाणार होतं, ते त्यांनी रीतसर पावती घेऊन विकत घेतलं. मशीन, त्याचा म्हातारा कॉम्प्युटर आणि त्या कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रॅमची सीडी. सगळं आमच्या पुढच्या खोलीत येऊन पडलं.

"आणि आपण बसायचं कुठे?" यांनी विचारलं.

"बसतोस कशाला? उभ्या उभ्या कामं कर," वन्सं म्हणाल्या.

तेव्हापासून 'नक्कल' हा शब्द आमच्या घरात शिवीच्या जागी वापरतात. शेजारच्यांनी आमच्यासारखे पडदे लावले तर वन्सं चार दिवस खिडकी उघडत नाहीत.

आता ही सीडी. तो प्रोग्रॅम असा हट्टी की कॉम्प्युटरात असूनही सीडी आत घातल्याशिवाय दार उघडायचा नाही. दोऱ्यांच्या रंगांची पेटी, अक्षरांची वळणं, सगळं तो सीडीवरून वाचायचा. पुढच्या खोलीत तर कापडाचे तंतू पिसासारखे उडत असतात. म्हणून वन्संनी सीडीला मऊ कापडाची पिशवी शिवली होती, आतून अस्तरसुद्धा. जेवायला उठल्या की बटण दाबायचं, ट्रे बाहेर, सीडी पिशवीत, पिशवी खणात. मग हात धुवायचे. लोक तान्ह्या बाळाचंसुद्धा एवढं करत नाहीत.

बरी चालली होती गाडी. छोटी छोटी कामं यायची, पण खरा आधार होता एका शाळेचा. त्या शाळेच्या मुलांच्या खिशावर घुबडाचा बिल्ला असतो. दरवर्षी ते घुबड वन्सं भरायच्या. यंदा शाळेची नवी इमारत झाली, उद्घाटन ठरलं, आणि मुख्याध्यापिकाबाईंना एकाएकी वाटलं की आपलं घुबड झोपलेलं आहे.

"खरंच आहे त्यांचं," बिल्ला उजेडात धरून मी म्हटलं. "डोळे मिटलेलेच दिसतात."

"इतकी वर्षं चाललं ना?" वन्सं म्हणाल्या. "आणि घुबड दिवसा झोपतंच. शाळा दिवसा असते."

"मग मुलंही झोपलेली चालतील," हे म्हणाले.

पण बाईंना उघडे डोळे हवे होते. नव्या इमारतीत जागं घुबड. काम मोठं होतं, सगळ्या वर्गांसाठी नवे बिल्ले. बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, उद्घाटनाआधी झालं नाही तर काम मोठ्या दुकानाकडे जाईल, त्यांच्याकडे नवी मशीनं आहेत. मोठं दुकान म्हणजे तेच, मालकांचं. आणि शाळा एकदा तिकडे गेली की परत येणार नव्हती. शाळा गेली की पुढच्या खोलीला कुलूप. हे आम्हां तिघांनाही न बोलता कळलं. मालकांनाही कळलं असावं, कारण दोऱ्यांची रिळं देणारा त्यांचा निरोप घेऊन आला: "बाईंना म्हणावं, घुबड नाही जमलं तर लाजू नका. आमच्याकडे तिसऱ्या टेबलावर जागा आहे."

"जागा आहे म्हणे!" वन्सं रिळं मोजून घेत म्हणाल्या. "तिथे घुबडालाच बसवा म्हणावं."

आणि नेमका त्याच आठवड्यात म्हातारा कॉम्प्युटर गेला. सकाळी वन्संनी बटण दाबलं, आतून ठसका आल्यासारखा आवाज झाला, जळक्या रबराचा वास आला आणि संपलं. यांनी कपाळाला हात लावला. मी देवाचं नाव घेतलं. वन्संनी सुई काढली, मागची जाळी टोकरली, आणि सुई परत गळ्याशी टोचून म्हणाल्या, "होईलचला बोलाव."

होईलच म्हणजे कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर-दुरुस्तीवाला. जिन्याखालच्या एवढ्याशा दुकानात बसतो, डोक्यावर कीबोर्ड टांगलेले, पायांत वायरींचा गुंता. काहीही न्या, न बघताच "होईलच!" म्हणतो. निम्म्या वेळा होतं. उरलेल्या वेळा तो इतक्या मनापासून हळहळतो की आपणच त्याची समजूत काढून परत येतो.

तो आला, म्हाताऱ्याची नाडी पाहिली, त्याच्यातली वन्संची चित्रं तेवढी काढून घेतली आणि नवा कॉम्प्युटर बसवला. बारीक, काळा, आवाज न करणारा. त्यात तो जुना प्रोग्रॅम चालेना. सीडी घालायला तर जागाच नव्हती.

"नव्यांना सीडी लागत नाही, मावशी," तो म्हणाला.

"मावशी? तुझ्या डोक्यावर माझ्यापेक्षा कमी केस आहेत. ताई म्हण."

"ताई, होईलच. आपण याच्या पोटात तुमचा जुना कॉम्प्युटर घालू."

हे चष्मा सावरत पुढे आले. "पोटात? ते धूड?"

मग त्याने नीट समजावलं. लोखंडाचा कॉम्प्युटर नाही घालायचा. नव्या कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्रॅम चालवायचा, तो जुन्या कॉम्प्युटरचं हुबेहूब सोंग घेतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. पडद्यावर त्याची एक खिडकी उघडते, तीत जे काय चालेल त्याला वाटत राहतं की आपण जुन्याच घरात आहोत. बाहेर काळ बदललाय हे त्याच्या गावीही नसतं.

"आमच्या मामंजींसारखं," मी म्हटलं.

"पण एक आहे," होईलच म्हणाला. "पोटातल्याला बाहेरचं काही आपोआप दिसत नाही. पाहुण्यासारखं आहे त्याचं. घर तुमचं, तो हात लावणार नाही. आपण उचलून द्यायचं, हे घे, ही सीडी तुझी. तेव्हाच त्याला ती दिसते."

त्याने वायरीने जोडायचा एक चपटा ड्राइव्ह आणला, सीडी घालण्यापुरता. तो बाहेरच्या कॉम्प्युटरला जोडला. मग पोटातल्याच्या खिडकीवर कुठलीशी यादी उघडून त्या ड्राइव्हच्या नावापुढे खूण केली. ड्राइव्ह घुरघुरला, आणि खिडकीत वन्संचा प्रोग्रॅम उभा राहिला, तोच करडा चौकोन, तीच रंगांची पेटी. वन्संनी मला चहा टाकायला सांगितला आणि होईलचला बसायला खुर्ची दिली. पुढच्या खोलीत खुर्ची मिळणं म्हणजे मानपत्रच.

चहा पिता पिता तो म्हणाला, "ताई, आता एक करू. या सीडीची इमेज काढून ठेवू."

"फोटो?"

"फोटो नाही. अख्खी सीडी जशीच्या तशी एका फाईलमध्ये उतरवायची. मग ती फाईलच पोटातल्याच्या ट्रेमध्ये सरकवायची. त्याला कळणारसुद्धा नाही. ड्राइव्ह नको, घुरघुर नको, सीडीला ओरखडा पडायची भीती नको."

"म्हणजे नक्कल."

मी आणि ह्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हे चहाचा कप घेऊन आतच गेले.

"नक्कल नाही हो ताई, राखीव प्रत. सीडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच असतं, एक प्रत काढून ठेवा म्हणून."

"लिहिणाऱ्याने लिहिलं असेल. माझ्या घरात नक्कल निघणार नाही. मूळ आहे माझ्याजवळ, धडधाकट आहे, आणि मला ती सांभाळता येते."

होईलचने हात जोडले. निघताना मात्र बजावलं, "एक लक्षात ठेवा. पोटातला सीडी वापरत असताना ट्रेची कडी त्याच्या हातात असते. बाहेरून बटण दाबाल तर ट्रे उघडणार नाही. आधी त्याला सांगायचं, सोड. या खुणेवर टिचकी मारायची. मग बटण."

"कळलं, कळलं. जा आता, दुकानाला कुलूप लावलंयस का तरी?"

लावलं नव्हतं. तो पळाला.

दोन दिवस छान गेले. मी स्वयंपाकघरातून ऐकायची, ड्राइव्हची घुरघुर आणि वन्संचं त्या घुबडाशी बोलणं. "वर बघ. अंहं, एवढं नको वटारू, मुलं घाबरतील." एक डोळा उघडून झाला, त्यांनी तो जपून ठेवला. म्हणजे पडद्यावरचं घुबड एक डोळा उघडा, एक मिटलेला. हे म्हणाले, "शाळेचं घुबड मुलांना डोळा मारतंय, बाईंना चालेल का बघ." वन्संसुद्धा हसल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पानं घेतली आणि हाक मारली. वन्सं उठल्या. इतक्या वर्षांची सवय, जेवायच्या आधी सीडी पिशवीत. ट्रेचं बटण दाबलं. उघडेना. परत दाबलं. उघडेना.

"वन्सं, गार होतंय!" मी म्हटलं.

"आले, आले. याची कडी अडकलीये."

त्या ड्राइव्हच्या तोंडावर, बटणाशेजारी, टाचणीच्या टोकाएवढं एक भोक होतं. आता सांगा, ज्या बाईच्या गळ्याशी चोवीस तास सुई, तिला असं भोक दिसल्यावर ती काय करणार? होईलचने नंतर सांगितलं की ते भोक त्याचसाठी असतं, अडलेला ट्रे उघडायला. पण तो ड्राइव्ह बंद असताना. आत सीडी गरगर फिरत असताना नाही.

मला आवाज आला तो पाटीवर पेन्सिल करकरल्यासारखा. धावत गेले. ट्रे तिरका बाहेर लोंबत होता आणि वन्संच्या हातात सीडी होती. खिडकीकडे धरून त्या ती फिरवत होत्या. तिच्यावर एक लांब, वाकडा ओरखडा, भुवईसारखा. पडद्यावरच्या खिडकीतला प्रोग्रॅम थिजला होता, आणि ड्राइव्ह परत मिटेना.

वन्सं काही बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणंच मला लागलं. त्या बोलतात तोवर घर नीट चाललंय असं मी समजते. त्यांनी सुई काढली, बघितली, आणि रिळांच्या डब्यात टाकून दिली. मग पानावर येऊन बसल्या आणि वाढलेलं सगळं निमूट जेवल्या. मीठ कमी होतं, तेही नाही म्हणाल्या.

यांनी जरा वेळाने धीर केला. "ताई, बाजारात असले प्रोग्रॅम फुकट मिळतात म्हणे. सीडीबिडी काही मागत नाहीत. कुणीतरी कुलूप तोडून ठेवलेले असतात."

"चोरीचे."

"म्हणजे... तसेच."

"चोरीच्या दोऱ्याने मी शाळेच्या पोरांच्या छातीवर बिल्ला भरू?" वन्सं म्हणाल्या. "त्यापेक्षा तिसरं टेबल बरं."

त्या हे इतक्या शांतपणे म्हणाल्या की ह्यांचा चेहरा उतरला. मी उठून आत गेले, देवासमोर उभी राहिले. काय मागावं तेच सुचेना. ओरखडा पुसून टाक म्हणावं तर देवाला सीडीतलं काय कळतं, असं एक मन म्हणालं. दुसरं म्हणालं, बाई, त्याला सगळं कळतं, तू फक्त हात जोड. मी हात जोडले. नंतर चपला घातल्या आणि होईलचला बोलावून आणलं.

त्याने सीडी पाहिली. पहिल्यांदाच तो "होईलच" म्हणाला नाही. ओठ चावत राहिला.

"ताई, मी सांगितलं होतं असं म्हणणार नाही."

"म्हणालास की."

"या सीडीचं आता एकच. जेवढी वाचता येईल तेवढी एकदाच नीट वाचून घ्यायची, तिची इमेज काढायची, आणि पुढे ती इमेज वापरायची. ही सीडी रोज फिरवली तर चार दिवसांत जाईल. तुम्ही हो म्हणालात तर."

वन्संनी सीडी त्याच्या हातून घेऊन पिशवीत घातली.

"ती फाईल राहणार कुठे?" त्यांनी विचारलं.

"याच कॉम्प्युटरात."

"तुझ्याकडे एक राहील?"

"नाही ताई. शपथ."

"शपथ नको घेऊस, तुझ्या शपथा मी ओळखते. काढायची तर माझ्यासमोर काढायची. माझी वस्तू, माझ्या डोळ्यांदेखत. मग तिला मी काय म्हणायचं ते मी ठरवीन."

मी मनात म्हटलं, ऐकलंस रे देवा.

पण होईलचच्या दुकानातले दोन्ही ड्राइव्ह त्या ओरखड्यापाशी आले की ठेचकाळायचे. एक तर सीडी थुंकल्यासारखी बाहेर टाकायचा. तो म्हणाला, नवे ड्राइव्ह नाजूक असतात. जुना, जाडजूड, चिवट पाहिजे. असा एक फोटो स्टुडिओवाल्याकडे होता, लग्नांच्या फिल्मा सीडीवर उतरवून द्यायच्या काळातला.

मग आम्ही तिघं निघालो. पुढे होईलच वायरी गळ्यात घालून, मागे वन्सं दोन्ही हातांत ती पिशवी धरून, त्यांच्या मागे मी. समोरच्या बाई खिडकीतून म्हणाल्या, "कुठे निघालात सगळे? कुणी आजारी आहे का?" वन्सं म्हणाल्या, "हो," आणि चालत राहिल्या.

स्टुडिओवाला भला माणूस. मागच्या पडद्यामागे, रंगवलेल्या धबधब्याच्या चित्राशेजारी, त्याचा कॉम्प्युटर होता. सगळे तिथे दाटीवाटीने उभे राहिलो. होईलचने आधी सीडी पुसायला घेतली, गोल गोल, ताट पुसावं तशी.

"अरे, गोल नको!" स्टुडिओवाला ओरडला. "मधून कडेला, सरळ. गोल पुसलंस तर ओरखडा वाढेल."

"द्या इकडे," वन्सं म्हणाल्या. अस्तराच्या कापडाने मधून कडेला, मधून कडेला, त्यांनी ती हळूहळू पुसली. मग ड्राइव्हमध्ये ठेवली.

पडद्यावर एक निळी पट्टी सरकायला लागली. सरकली, सरकली, आणि निम्म्याच्या पुढे जाऊन बसली. ड्राइव्ह आतून कण्हायला लागला.

"थांबला," मी म्हटलं.

"थांबला नाही वहिनी. तीच जागा परत परत वाचतोय," होईलच म्हणाला. "जिद्दी आहे. वाचू द्या."

वाट बघण्यात स्टुडिओवाल्याने आम्हांला सरबत दिलं, आणि वेळ घालवायला म्हणून वन्संचा एक फोटो काढू का असं विचारलं. "धबधब्यासमोर? आधीच डोळ्यांत पाणी यायला आलंय, आणखी पाणी कशाला?" त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण मी जवळ उभी होते. मी त्यांच्या कोपराला हात लावला. एरवी त्यांना कुणी हात लावलेला आवडत नाही. तेव्हा त्यांनी कोपर काढून घेतलं नाही.

पट्टी हलली. जरा अडली, परत हलली, आणि मग अशी सुटली की थेट शेवटाला जाऊन थांबली. होईलचने टेबलावर बुक्का मारला. "झालं! म्हटलं नव्हतं, होईलच!"

"नव्हतं म्हटलं," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

ती फाईल एका बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर घेऊन, स्टुडिओवाल्याच्या कॉम्प्युटरातून वन्संदेखत पुसून टाकून, आम्ही घरी आलो. हे दारातच उभे. होईलचने फाईल नव्या कॉम्प्युटरात ठेवली, पोटातल्याची खिडकी उघडली, यादीत जाऊन फाईल निवडली. वन्संनी प्रोग्रॅमवर टिचकी मारली.

करडा चौकोन आला. त्यावर लिहिलं होतं: कृपया सीडी घाला.

परत केलं. परत तेच.

"गेली मग," वन्सं म्हणाल्या. "आतून गेली असणार ती." आणि त्या मशीनवर कापड झाकायला उठल्या. नीट, चारही कोपरे धरून. त्यांचं ते कापड झाकणं मला बघवेना. मी म्हटलं, "होईलच, अरे बघ ना नीट! तूच म्हणालास ना, पाहुण्याला उचलून द्यावं लागतं म्हणून? दिलंस का त्याच्या हातात? की नुसतं टेबलावर ठेवलंस?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मग पडद्याकडे. मग परत त्या यादीत शिरला, एकेक ओळ बोटाने धरून वाचू लागला, आणि एकदम स्वतःच्या कपाळावर अशी चापट मारली की हे दचकले.

"काय गाढव आहे मी! पोटातल्याला दोन ट्रे देऊन ठेवलेत मी पहिल्याच दिवशी. एकात फाईल ठेवली, खरंय. पण प्रोग्रॅम बघतोय दुसऱ्याकडे, तो अजून त्या मोडक्या ड्राइव्हशीच बांधलेला. त्याला बिचाऱ्याला रिकामा ट्रे दिसतोय, म्हणून सीडी मागतोय."

त्याने मोडक्या ड्राइव्हची खूण काढली. त्याच ट्रेमध्ये फाईल बसवली, 'जोडलेला' असं होतं तिथे खूण केली. "आता दाबा, ताई."

वन्सं हातात कापडाचा कोपरा धरूनच वाकल्या आणि एका बोटाने दाबलं.

घुरघुर नाही, काही नाही. एवढ्या शांतपणे तो प्रोग्रॅम उघडला की आधी कुणाला कळलंच नाही. मग रंगांची पेटी आली, अक्षरं आली, आणि मध्ये घुबड, एक डोळा उघडा, एक मिटलेला.

"बघतंय हो," हे म्हणाले.

वन्संनी मशीनवरचं कापड परत ओढून काढलं, घडी न घालता माझ्या अंगावर टाकलं, आणि खुर्चीत बसल्या. "वहिनी, जेवायला मला हाक मारू नकोस. होईलच, तू जा. हे बघ, तुझ्या त्या गोष्टीला मी नक्कल म्हणणार नाही. पण इमेजही म्हणणार नाही, मला तो शब्द आवडत नाही."

"मग काय म्हणणार?"

"बघते. आधी याचा दुसरा डोळा उघडू दे."

घुबड जागं झालं. पुढच्या खोलीत मशीन नुसतं खडखडत होतं. मी बिल्ल्यामागे लावायच्या ताठ बकरमाचे चौकोन कापत होते, हे भरतकामाच्या रिंगांमध्ये कापड ताणून बसवत होते, वाकडं बसलं की बोलणी खात होते. खड्या आवाजातली ती बोलणी ऐकून मी देवाचे आभार मानत होते. उद्घाटनाआधीच शाळेच्या बाई बिल्ले न्यायला स्वतः आल्या. एकावर बोट फिरवलं, डोळ्यांवर जरा जास्त वेळ. "हे आमच्याकडे बघतंय," म्हणाल्या. "पुढच्या वर्षी दप्तरांवरही घ्यायचंय हे. तुम्हीच करा."

"करू," वन्सं म्हणाल्या. जणू काही झालंच नव्हतं.

त्या गेल्यावर मात्र त्यांनी यांना पाटी रंगवणाऱ्याकडे पिटाळलं. इतकी वर्षं पुढच्या खोलीला पाटी नव्हती. लोक विचारत विचारत यायचे. रंगारी शिडी घेऊन आला, दारावर फळी ठोकली, पांढरा रंग दिला आणि वरून विचारलं, "काय लिहायचं?"

"भरतकाम," वन्सं म्हणाल्या.

"आणि नाव? कुणाचं घालू? घरमालकांचं?"

हे घाईघाईने म्हणाले, "नाही, नाही, माझं नको."

वन्संनी वर बघून आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. इतकी वर्षं मी त्यांना वन्सं म्हणत आले. त्यांचं पूर्ण नाव असं मोठ्याने म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. रंगाऱ्याने ब्रश बुडवला. वन्सं शिडीखाली उभ्या राहिल्या, मान वर करून, आणि प्रत्येक अक्षराला टोकत राहिल्या.

"वेलांटी जरा वर घे. अंहं, एवढी नको. हं. आता बरोबर."